तीन नंबर राहतो

रविवार, जून २००८. सकाळी साडेदहा. स्थळ: मंडळाची खोली, पश्चिम तांबरम.
हजर: मी (नोंदी); माझे यजमान; सिरुसेरीचा प्रोग्रामर; अण्णा.
गैरहजर: मंडळाचे अध्यक्ष, गुडघ्यामुळे, आगाऊ कळवून.
विषय: नव्या आवृत्तीसाठी प्रोसेसरची किमान अट वाढवण्यास आपली हरकत आहे काय.

वहीतलं त्या दिवसाचं पान असं सुरू होतं. पान व्यवस्थित आहे. खाडाखोड नाही, समास सोडलेला आहे, ठराव अधोरेखित आहे. पुढे जे झालं त्याला या पानाचा नीटनेटकेपणा बऱ्याच अंशी कारणीभूत आहे, म्हणून आधी हे सांगून ठेवते.

यजमानांची ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात बदली झाली आणि आम्ही पुण्याहून चेन्नईजवळच्या तांबरमला आलो. मुलगी शिकायला बाहेर होती. मला वेळ होता आणि तिथल्या मराठी मंडळाच्या खोलीत पाच कॉम्प्युटर होते. एका कंपनीने जुने झाले म्हणून दिलेले, एकाच मापाच्या पेट्यांतले, एकाच मळक्या रंगाचे. मंडळाने ते घेतले आणि चादर टाकून ठेवले. मी चादर काढली, वही घातली आणि वर्ग सुरू केला. शनिवारी मुलं, बुधवारी दुपारी बायका. प्रत्येक पेटीला समोरच्या पट्टीवर नंबर चिकटवला आणि यादी केली: नंबर, प्रोसेसरची जात, मेमरी, मॉनिटर, त्यात कोणाचं काम ठेवलेलं आहे. प्रोसेसरची जात पट्टीवरच्या स्टिकरवर छापलेलीच होती, ती उतरवून घेतली. एक ते चार ६८६, पाच नंबर त्याआधीचा, ५८६. कॉम्प्युटर चालवायची विकतची प्रणाली परवडणारी नव्हती, म्हणून सगळ्यांवर फुकट मिळणारी, कोणीही उघडून बघावी आणि दुरुस्त करावी अशी मुक्त प्रणाली घातली. तीत मराठी टाइप करता येत असे, हे मंडळाला पटवायला पुरेसं होतं.

ही प्रणाली आणली सिरुसेरीच्या प्रोग्रामरने. मूळचा अकोल्याचा, नोकरी सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मोठ्या आवारात, वय सव्वीस. रविवारी दोन बस बदलून यायचा. नोकरीखेरीज तो ती मुक्त प्रणाली बनवणाऱ्या जगभरच्या स्वयंसेवकांपैकी एक होता. त्याचं काम म्हणजे मराठी अक्षरं नीट दिसतात का ते पाहणं. मला तो काकू म्हणायचा आणि माझ्या वहीला घाबरायचा.

अण्णा तंजावरचे. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठी घरांपैकी एक. रेल्वेच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा जुनं आणि मध्येच तमिळमध्ये शिरणारं. विचारायला ते पुसणं म्हणत आणि सगळ्याला अस्कं. वही ठेवणाऱ्या कोणत्याही बाईला ते अम्मा म्हणत, त्यामुळे मी त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान असूनही अम्मा होते.

अण्णांचं काम एकच होतं. चेन्नईतल्या सत्तेचाळीस तंजावरी घरांच्या तिथ्या त्यांच्याकडे होत्या. कोणाच्या घरचं कोण कोणत्या तिथीला गेलं, याच्या. पितृपंधरवड्याच्या आधी ते पंचांग घेऊन बसायचे, त्या वर्षी कोणती तिथी कोणत्या तारखेला येते ते काढायचे आणि प्रत्येक घराला कळवायचे. सबंध यादी मात्र कोणाला मिळत नसे. दुसऱ्याच्या घरची तिथी आपल्या घरात ठेवू नये, असा त्यांच्यात रिवाज. म्हणून अण्णा कागद छापायचे, मग कात्रीने ओळीओळीने कापायचे आणि प्रत्येक घराला त्याची पट्टी टपालाने पाठवायचे. श्राद्ध झालं की ते घर पट्टी टाकून देई, तोही रिवाजच. पुढच्या वर्षी अण्णा पाठवणारच असत.

पूर्वी हे सगळं एका वहीत होतं. चार वर्षांपूर्वी मी ते कॉम्प्युटरवर घ्यायला लावलं, खिडकीजवळच्या तीन नंबरवर. काही दिवस अण्णा वहीतही लिहीत होते आणि कॉम्प्युटरवरही. मी सांगितलं की दोन याद्या म्हणजे एक चूक. एकच यादी असावी आणि ती एकाच ठिकाणी असावी. त्यांनी वही बंद केली. एकाच यादीचं हे वाक्य मी अजूनही लोकांना सांगते, पण आता त्याच्या पुढे आणखी एक वाक्य जोडते.

तर जूनमधला तो रविवार. प्रोग्रामरने सांगितलं की प्रणालीची पुढची आवृत्ती ६८६ किंवा त्यापुढच्याच प्रोसेसरवर चालेल, असा विचार आहे. जुन्या प्रोसेसरसाठी सगळं वेगळं बांधावं लागतं, वेगळं तपासावं लागतं, आणि तपासायला तसली मशीनं आता कोणाकडे उरलेली नाहीत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी महिनाअखेरपर्यंत कळवावं, असं पत्र सगळ्यांना आलं होतं.

यजमानांनी विचारलं, वेगळं बांधायचं म्हणजे नेमकं किती काम. प्रोग्रामर म्हणाला की घरात एकासाठी रोज बिनमिठाचा स्वयंपाक वेगळा करावा लागतो तसं आहे. करता येतो, पण करणारा एकच असतो आणि तोच दमतो.

"मग मीठ खाणाऱ्यांनी ठरवलं, बिनमिठाच्याने जेवायला येऊ नये," अण्णा म्हणाले.

"तसं नाही अण्णा. आधीचा स्वयंपाक आहेच की. जुनी आवृत्ती वापरता येते."

"शिळं."

प्रोग्रामरने यावर चहा घेतला. अण्णांना शिळ्याचं एवढं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती आणि ती त्यांनी सरळ विचारली.

"अम्मा, माझा तीन नंबर राहतो ना?"

मी यादी उघडली. क्र. ३, ६८६, खिडकीजवळ, अण्णांची यादी.

"राहतो," मी म्हटलं.

"सरि," अण्णा म्हणाले. म्हणजे ठीक. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं आणि ते पेपर वाचायला लागले.

ठराव झाला: आपल्याकडे अटीत न बसणारा एकच कॉम्प्युटर आहे, क्र. ५. त्याचा मॉनिटर डिसेंबरपासून बंद आहे आणि यादीनुसार त्यात कोणाचंही काम नाही. तो मोडीत काढावा. आपली हरकत नाही. त्या संध्याकाळी प्रोग्रामरने तसं उत्तर पाठवलं. यजमानांनी पाच नंबर स्कूटरवर पायांत धरून स्टेशनमागच्या जुन्या लोखंडाच्या दुकानात नेऊन दिला. मी यादीत त्या ओळीवर रेघ मारली, पट्टीने.

ऑगस्टमध्ये नवी आवृत्ती आली. प्रोग्रामर सीडी घेऊन आला. एक, दोन आणि चार नंबर दुपारपर्यंत झाले. अण्णाही आले होते, पंचांग आणि चष्म्याच्या दोन जोड्या घेऊन, कारण पंधरवडा महिन्यावर आला होता. त्यांनी प्रोग्रामरला सांगितलं की खिडकीजवळचा शेवटी कर, मला लगेच बसायचंय. प्रोग्रामरने तीन नंबरमध्ये सीडी घातली. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली. तिचा अर्थ असा: या प्रणालीला ६८६ प्रोसेसर हवा आहे, येथे ५८६ आढळला.

प्रोग्रामरने ती ओळ वाचली, समोरच्या पट्टीवरचं ६८६चं स्टिकर वाचलं, आणि परत ओळ वाचली.

"काकू, हा खोटं बोलतोय. किंवा तुमची यादी."

मी म्हटलं की यादी खोटं बोलत नाही. मग त्याने स्क्रू काढले आणि पत्रा उचलला. आत जे होतं ते ५८६ होतं. अण्णांना मी एवढंच सांगितलं की आज होत नाही, आणि घरी पाठवलं.

यानंतर मी वहीची पानं मागे चाळली, आणि सगळं तिथंच होतं. जानेवारी: क्र. ३ संथ चालतो, धूळ असावी. फेब्रुवारी: क्र. ३ संथ, मुलांची तक्रार, धूळ पुसली. एप्रिल: क्र. ३ संथच. आणि त्याच्याही आधी, ऑक्टोबरमध्ये, माझ्याच अक्षरात खंडेनवमीची यादी.

खंडेनवमीला इथे आयुधपूजा म्हणतात आणि ती आपल्यापेक्षा मनापासून करतात. रिक्षा, शिवणयंत्र, वजनकाटा, बस, सगळं धुवून, पुसून, चंदनकुंकू लावून ठेवतात आणि त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. आपणही रीतसर करू, असं मी ठरवलं होतं. कॉम्प्युटर धुता येत नाही. पण त्याच्या पेटीचे पत्रे आणि समोरची पट्टी धुता येते. कामांची यादी अशी: १. पाचही पेट्या उघडणे. २. आतली धूळ ब्रशने काढणे. ३. पत्रे व पट्ट्या साबणाने धुणे. ४. गच्चीवर वाळवणे. ५. परत बसवणे. ६. चंदन, कुंकू, फूल. ७. चुरमुरे व गूळ वाटणे. सातही कामांपुढे बरोबरची खूण आहे. कोणता पत्रा नि कोणती पट्टी कोणत्या पेटीला, हे काम यादीत नव्हतं. पत्रे एकाच मापाचे, पाचही बसले. नंबर पट्टीवर होता, स्टिकरही पट्टीवर. तीन आणि पाचने कपडे बदलले आणि मी दोघांना कुंकू लावलं.

म्हणजे जूनमध्ये आम्ही मोडीत दिला तो चांगला होता. आणि अण्णांची यादी त्याच्यात होती.

ऑक्टोबरपासून ऑगस्टपर्यंत हे कोणाला कळलं नाही याचंही कारण मीच. अण्णा यादीपुढे वर्षातून एकदाच, पंधरवड्याच्या आधी, बसत. अण्णांच्या फोल्डरला कोणी हात लावायचा नाही, असा मुलांना नियम होता. त्यांनी तो इतका पाळला की तो फोल्डर तिथे नाही हेही कोणी पाहिलं नाही. आणि पत्रा उघडायचं प्रोग्रामरला कधी सुचलं नाही, कारण माझ्या यादीत सगळं लिहिलेलं असायचं.

संध्याकाळी यजमान कारखान्यातून आले. त्या रविवारी त्यांची जादा पाळी होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, डबा सिंकमध्ये ठेवला आणि म्हणाले, "आमच्याकडे नंबर चॅसिसवर ठोकतात. दारावर नाही. दार बदलतं."

मी म्हटलं की हे ऑक्टोबरमध्ये सांगायला हवं होतं. ते म्हणाले, ऑक्टोबरमध्ये मी गच्चीवर पत्रे पुसत होतो, तुझ्या यादीतलं चौथं काम.

दुसऱ्या दिवशी यजमान, प्रोग्रामर आणि मी स्टेशनमागच्या दुकानात गेलो. दुकानदाराला पाच नंबर चांगला आठवत होता. पेटी त्याच्याकडेच होती. पट्टीवर माझा ५ होता आणि आत तीन आकारांचे खिळे. बाकीचं सगळं त्याने ओरगडम रस्त्यावरच्या एका झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानाला दिलं होतं. तिथे गेलो. तिथला मालक सज्जन निघाला. लाकडी पेटीत बसवलेलं ते मशीन त्याने आम्हाला चालवून दाखवलं. झटपट चालत होतं. त्याच्या पुतण्याने त्यावर नवी प्रणाली घातली होती, आमचीच, ऑगस्टची. आधी सगळी डिस्क पुसून, मग घातली होती.

"चांगलं मशीन आहे," मालक तमिळमध्ये म्हणाला. "हे कुणी मोडीत दिलं?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे मी त्यांच्या खात्यावर जमा धरते. प्रोग्रामरने डिस्क घरी नेली आणि पुसलेलं परत मिळतं का ते आठवडाभर पाहिलं. मिळाली ती टायपिंगच्या दुकानातली लग्नपत्रिकांची नमुना पानं.

अण्णांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांच्या ओसरीवर दोन खुर्च्या होत्या. मी कागदावर मुद्दे लिहून नेले होते, म्हणजे काही राहून जाऊ नये. खंडेनवमी, पत्रे, यादी, जूनमधलं माझं उत्तर, खिळे, टायपिंगचं दुकान. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सून कॉफी ठेवून गेली. मग त्यांनी आतून जुनी वही आणली. वही चार वर्षांपूर्वी थांबलेली होती, माझ्या सांगण्यावरून. तिथपर्यंतचे सगळे होते. त्यानंतर गेलेले नव्हते.

"किती?" मी विचारलं.

त्यांनी बोटांवर मोजले. घर आठवायचे, मग माणूस. "अकरा."

मी म्हटलं की चूक माझी आहे. तीन नंबर राहतो, असं मी सांगितलं होतं.

"तीन नंबर राहिला की," अण्णा म्हणाले. "बाकीचे गेले." मग कॉफी संपवली. "अकरा एकदा गेलेले होते, अम्मा. आता मला त्यांच्या दारी जाऊन परत पुसायला पाहिजे, तुमचं माणूस कधी गेलं म्हणून. हेच मला करवत नाही. एकदा पुसलं की पुन्हा पुसायचं नाही, त्यासाठी यादी."

तेव्हा मी म्हटलं की मी पुसते. माझ्या तोंडून हाच शब्द गेला.

पुढचे तीन आठवडे मी ते केलं. अकरा घरं, यादी नवी, रकाने चार: घर, माणूस, तारीख, वेळ. चौथा रकाना अण्णांनी घालायला लावला. तारीख मृत्यूच्या दाखल्यावर मिळते, पण तिथी घड्याळातल्या बाराला बदलत नाही. ती सकाळी नऊ बाविसालाही बदलते. माणूस नऊ वाजता गेलं की दहा वाजता, यावर त्याची तिथी ठरते. म्हणून अण्णा दर वेळी वेळही विचारून ठेवत.

परक्या घरी फोन करून हे विचारायची काही रीत नाही. मी सुरुवातीला कारण सांगत असे, खंडेनवमीपासून. तिसऱ्या घरी मला सांगण्यात आलं की कारण नको, काय पाहिजे ते विचारा. नंतर मी थेट विचारत गेले आणि लोकांनी थेट सांगितलं. एका मुलाने दाखला शोधून परत फोन केला. एका बाईंनी मिनिटांसकट वेळ सांगितली आणि मग अर्धा तास आजारपण सांगितलं. ते मी लिहून घेतलं नाही, पण ऐकलं. दोन घरांनी मागच्या वर्षीची पट्टी रिवाजाविरुद्ध जपून ठेवली होती आणि ते कबूल करताना आवाज खाली केला. मला त्यांचे आभार मानावेत की नाहीत ते कळेना. मानले.

याच काळात मी प्रणालीवाल्यांना दुसरं पत्र लिहिलं. जूनमध्ये आम्ही कळवलेली माहिती चुकीची होती, आमच्याकडे अटीत न बसणारं एक मशीन अजून वापरात आहे, तरी नोंद दुरुस्त करावी. प्रोग्रामरने ते इंग्रजीत घातलं आणि धूळ-पत्र्यांचा भाग गाळला. उत्तर सभ्य होतं. कळवल्याबद्दल आभार, निर्णय झालेला आहे, आलेल्या उत्तरांत कोणाचीही हरकत नव्हती.

"म्हणजे किती उत्तरं आली होती?" मी विचारलं.

"आपल्यासकट चार," प्रोग्रामर म्हणाला. "काकू, आपलं 'हरकत नाही' चांगलं वजनदार ठरलं."

तीन नंबरवर त्याने जुनीच आवृत्ती ठेवली. यजमानांनी कारखान्यातून अंकांचे ठसे आणले आणि पाचाऐवजी आता चारच उरलेल्या पेट्यांच्या आतल्या सांगाड्यावर नंबर ठोकले. एक, दोन, चार, आणि खिडकीजवळ तीन. अण्णांना विचारलं की दुसऱ्यावर बसता का, ते चांगले आहेत. ते म्हणाले, नको, शिळं मला सवयीचं आहे. त्यांची यादी आता तीन ठिकाणी आहे (माझ्या वाक्यापुढे जोडलेलं वाक्य हेच: नकला मात्र तीन असाव्यात), आणि त्यांनी जुनी वहीही पुढे चालू केली. तिच्याबद्दल मी काही बोलले नाही.

पंधरवड्याच्या आधी अकरापैकी दहा ओळी भरल्या. राहिली ती सत्तेचाळिसातली एकेचाळिसावी. पश्चिम मांबलमचं घर, तिथल्या आजी तीन वर्षांपूर्वी गेल्या. तारीख मिळाली. त्या तारखेला तिथी सकाळी सात वाजून काही मिनिटांनी बदलत होती. मुलगा म्हणाला, आई गेली तेव्हा आमची कॉफी झाली होती. सून म्हणाली, नव्हती झाली, मी दूध गॅसवरून तसंच उतरवलं. दोघं एकाच फोनवर, एकामागून एक. मग ते आपसात बोलू लागले आणि मी थांबून राहिले. शेवटी मुलगा म्हणाला की अण्णांना माहीत आहे ना, त्यांनी तेव्हा विचारलं होतं. कोणाला, ते त्याला आठवत होतं: शेजारच्या बाईंना. आजींजवळ त्याच होत्या. त्या आता कोइमतूरला मुलीकडे राहायला गेल्या.

मी अण्णांना सुचवलं की तिथी माहीत नसेल त्यांचं श्राद्ध सर्वपित्रीला करतात, तशी सोय आहेच. त्यांनी पंचांग मिटलं.

"अमावस्या ज्यांचं कोणाला माहीत नाही त्यांच्यासाठी," ते म्हणाले. "यांचं माहीत होतं."

मग मी म्हटलं की दोन्ही तिथ्या छापू, घर ठरवेल.

"माणूस दोनदा जात नाही, अम्मा."

त्या वर्षी शेहेचाळीस पट्ट्या गेल्या. पश्चिम मांबलमला पट्टी गेली नाही. त्या घराने अमावस्या केली, असं मागाहून कळलं.  दर वर्षी श्रावणात अण्णा तीन नंबरवर येऊन बसतात, एकेचाळिसाव्या ओळीपर्यंत येतात आणि चष्मा बदलून माझ्याकडे वळतात. मी नाही म्हणून मान हलवते. ते पुढच्या ओळीवर जातात.

कोइमतूरचे दोन फोन नंबर मिळाले होते. एक चुकीचा निघाला, दुसरा लागत नाही. ते काम दर महिन्याच्या नव्या पानावर मी वर उतरवते, म्हणजे खाली राहून जाऊ नये. या महिन्याच्या पानावरही तेच पहिलं आहे:

क्र. ४१. कोइमतूरच्या बाईंचा पत्ता मिळवणे. कॉफीच्या आधी की नंतर, ते पुसणे.